मॅच, मस्टर आणि मेगावॅट

"उद्या भारत-ऑस्ट्रेलिया सामना असल्याने मला एक दिवसाची रजा मिळावी, ही नम्र विनंती." असा अर्ज तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी नाही. आपल्या देशात कोट्यवधी लोक क्रिकेट बघतात, पण क्रिकेटसाठी रजा मात्र कोणीच घेत नाही! रजा घेतली जाते ती तापासाठी, पोटदुखीसाठी, गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी, आणि अगदीच सेमीफायनल असेल तर आजीसाठी. आपल्याकडच्या आज्या भारतीय संघाचं वेळापत्रक बघून आजारी पडतात, यावर खरं म्हणजे मेडिकलच्या मुलांनी एखादा प्रोजेक्ट करायला हवा.

संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" म्हटल्यावर मी आधी हसले. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीच्या तासाला 'ळ' नीट म्हणता आला तरी बाई खूश व्हायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा, ही विनंती. पण विषय सुचायला वेळ लागला नाही. आमच्या घरात, वर्गात, मामाच्या कंपनीत मोठी मॅच आली की एकच गोंधळ असतो: आज कामावर कोण येणार, आणि आलेले काम करणार का? हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. दोनेक वर्षांत आपल्यापैकी बरेचजण कुठल्या तरी कंपनीत 'ट्रेनी' म्हणून चिकटलेले असू, आणि मग मस्टरवर सही करणारेही आपणच आणि ते तपासणारेही आपणच.

सुरुवात आजोबांपासून करते. आजोबा बँकेत कॅशियर होते. त्यांच्या काळात कसोटी सामना म्हणजे पाच दिवस, आणि त्यातले बरेचसे दिवस कामाचेच. सगळ्यांनी पाच-पाच दिवस रजा टाकली असती तर बँकेला टाळंच लागलं असतं! तेव्हा उपाय एकच, ट्रान्झिस्टर. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तो ठेवायचा, आवाज बारीक करायचा आणि बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत नोटा मोजायच्या. आजोबा सांगतात, गिऱ्हाईक खिडकीशी आलं की आधी "स्कोअर काय झाला?" आणि मग पासबुक. मॅनेजरसाहेब रागावायचे नाहीत. केबिनमधून शिपायाला पाठवून तेही स्कोअर मागवायचे.

मला यात एक इंजिनिअरिंगची गोष्ट दिसते. रेडिओला फक्त कान लागतात, हात आणि डोळे मोकळे राहतात. म्हणून रेडिओच्या काळात माणसं कामावर असायची, काम जरा हळू चालायचं एवढंच. टीव्हीने डोळे मागितले आणि टीव्ही होता घरी, म्हणून माणसं घरी राहायला लागली. नंतर मोबाइल आला. आता माणूस पुन्हा ऑफिसात आहे, पण त्याचे कान, डोळे आणि एक अंगठा तिन्ही गायब! म्हणजे मस्टरवर सही आहे आणि माणूस मात्र वानखेडेवर आहे.

माझ्या शाळेत हा प्रश्न सिस्टरने तिच्या पद्धतीने सोडवला होता. २६ मार्च २०१५, गुरुवार. वर्ल्ड कपची सेमीफायनल सिडनीत, आपल्याकडे सकाळी नऊला सुरू. मी चौथीत होते. वर्गातली निम्मी बाकं रिकामी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये पालकांच्या सहीने एकच कारण होतं, 'फीव्हर'. सिस्टरने एकेका कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं, "व्हिच फीव्हर?" पण तीच सिस्टर आदल्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर इंटरकॉमवर येऊन शांत आवाजात सांगून गेली होती, "चिल्ड्रन, स्मिथ हॅज मेड अ हंड्रेड. नाऊ ओपन युवर बुक्स." भारत ती मॅच ९५ धावांनी हरला. वर्गात बसलेल्या आम्हाला त्या दिवशी निदान अपूर्णांक तरी आले. घरी बसलेल्यांना दोन्ही नाही!

आता कॉलेजकडे येऊ. ४ मार्च २०२५, मंगळवार. चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल, भारत-ऑस्ट्रेलिया, दुबईत, आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू. आणि आमच्या बॅचचं मशिन्स लॅबचं प्रॅक्टिकल पावणेतीनला! प्रयोग, थ्री-फेज इंडक्शन मोटरची लोड टेस्ट. वीसजणांच्या बॅचपैकी आम्ही पाचजण हजर. बाकीचे हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये. "मुलींना काय, क्रिकेट कळत नाही म्हणून येतात प्रॅक्टिकलला," असं नंतर एका महाशयांनी ऐकवलं. महाशय, मी प्रॅक्टिकलला आले कारण डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव काठावर होतं. आणि कोहलीच्या ८४ धावांमधल्या कितीतरी मला नंतर संध्याकाळी कँटीनमध्ये बघायला मिळाल्या. भारताने ४९व्या षटकात, चार गडी राखून मॅच जिंकली तेव्हा मीही सगळ्यांसोबत कॉमन रूमबाहेर नाचत होते.

पण त्या प्रॅक्टिकलने मला या लेखाचा अर्धा मुद्दा दिला. ज्यांनी ही टेस्ट केलीय त्यांना आठवेल. मोटरवर काहीच लोड नसलं तरी ती फिरते, आवाज करते, गरम होते आणि बऱ्यापैकी करंटही ओढते. फक्त काम करत नाही. पॉवर फॅक्टर एकदम खाली असतो. केव्हीए दिसतात, पण किलोवॅट नसतात. मॅचच्या दिवशी ऑफिसात जबरदस्तीने बसवलेला माणूस म्हणजे नो-लोडवर फिरणारी मोटर! हजेरी म्हणजे केव्हीए, काम म्हणजे किलोवॅट. आपले साहेब लोक बहुतेक वेळा केव्हीए मोजतात आणि किलोवॅट मोजले असं समजतात.

म्हणूनच मोठ्या स्पर्धेच्या वेळी 'या सामन्यामुळे उद्योगांचं इतक्या कोटींचं नुकसान' अशी बातमी आली की मला गंमत वाटते. हा आकडा काढायची पद्धत साधी असते. मॅच बघणारी माणसं गुणिले तास गुणिले तासाचा पगार. झालं! पण यात असं धरून चाललेलं असतं की मॅच नसती तर ती सगळी माणसं ते सगळे तास मान खाली घालून काम करत बसली असती. आपलं आपल्यालाच विचारूया, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आपण एका दिवसात जेवढी जर्नल्स पूर्ण करतो तेवढी एरवी महिन्यात करतो का? काही काम खरंच बुडतं. पण बरंचसं काम आदल्या दिवशी उरकतं किंवा दुसऱ्या दिवशी भरून निघतं. गुणाकारात हे कुठेच दिसत नाही.

याचा अर्थ परिणाम होतच नाही, असं नाही. जिथे प्रत्येक मिनिटाची नोंद होते तिथे तो स्वच्छ दिसतो. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी दोन अर्थतज्ज्ञांनी १५ शेअर बाजारांचे व्यवहार तपासले. ज्या देशाचा संघ मैदानात खेळत असे, त्या देशाच्या बाजारातल्या सौद्यांची संख्या त्या वेळात सुमारे ४५ टक्क्यांनी आणि उलाढाल सुमारे ५५ टक्क्यांनी घटत असे. पैशाच्या मागे धावणारी माणसंसुद्धा गोल बघायला थांबतात, याचा मला तरी थोडा आनंदच झाला!

दुसरा अभ्यास मात्र वाचून आनंद झाला नाही. इंग्लंडमध्ये आपल्या दहावीसारखी परीक्षा असते, आणि तिचे बरेच पेपर जूनमध्ये येतात. फुटबॉलचा वर्ल्ड कप किंवा युरो कपही वर्षाआड नेमका जूनमध्येच येत असे. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षांचे निकाल तपासले. स्पर्धेच्या वर्षी मुलांचे गुण घसरतात असं दिसलं, आणि सगळ्यांत जास्त फटका बसला तो मुलग्यांना आणि गरीब घरांतल्या मुलांना. म्हणजे टीव्हीवर मॅच सगळ्यांसाठी एकच असते, पण तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याचं जास्त जातं.

हे वाक्य डोक्यात ठेवून मी मामाकडे गेले. मामा भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. "मामा, मॅचच्या दिवशी तुमच्याकडे काय होतं रे?" म्हटल्यावर त्याने २०१९ ची गोष्ट सांगितली. ९ जुलै, मंगळवार, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत-न्यूझीलंड, मँचेस्टरला. आपल्याकडे दुपारी तीनला सुरू, म्हणजे बरोबर सेकंड शिफ्टच्या तोंडावर. त्या दिवशी सेकंड शिफ्टला बावीस माणसांच्या जागी तेरा. मामाने ते गृहीत धरलंच होतं. पण मँचेस्टरला पाऊस आला! न्यूझीलंडची ४७वी ओव्हर सुरू असताना खेळ थांबला आणि उरलेली मॅच गेली बुधवारवर. आता आली का पंचाईत! मंगळवारी ज्याची आजी सिरियस होती त्याने बुधवारी काय सांगायचं? एकाने फोन करून सांगितलं, "साहेब, पोट काल पूर्ण दुखलं नव्हतं, आज राहिलेलं दुखतंय." मामा हसून हसून लोटपोट झाला आणि त्याने रजा दिली. त्या बुधवारी धोनी रनआउट झाला, भारत १८ धावांनी हरला आणि सगळ्यांचंच पोट दुखलं.

इथपर्यंत मीही हसत होते. मग मी सहज विचारलं, "पण जे तेराजण आले ते कोण होते?" मामा जरा थांबला. म्हणाला, "ते कॉन्ट्रॅक्टचे गं. पर्मनंटवाल्याला सीएल असते. त्याने एक सीएल टाकली की पगार शाबूत. कॉन्ट्रॅक्टवाल्याचा खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. त्याला कसली मॅच?" आणि त्या तेराजणांनी बावीसजणांच्या मशिन सांभाळल्या. त्यातल्या एकाने मोबाइल पॅनेलवर टेकवून ठेवला होता. वरच्या साहेबांनी राउंडला येऊन तो जप्त केला. ते साहेब परत केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर काय चालू होतं, हे मामाने मला सांगितलं नाही, पण डोळा मिचकावला.

मला वाटतं, मॅच आणि काम या विषयातली खरी गोष्ट ही आहे. मॅचच्या दिवशी काम थांबत नाही. ते सरकतं. जो सुट्टी घेऊ शकतो त्याच्या अंगावरून जो घेऊ शकत नाही त्याच्या अंगावर. आणि सगळ्या आकडेमोडीत हा सरकलेला भार कोणी मोजत नाही, कारण मस्टरवर त्याचा रकानाच नसतो.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, त्याला कारण माझे बाबा. बाबा साताऱ्याजवळच्या एका सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहेत. तीन शिफ्ट, चोवीस तास, दर तासाला मीटर बघून लॉगशीटमध्ये रीडिंग भरायचं. व्होल्टेज, करंट, मेगावॅट. सबस्टेशनला दिवाळी नसते, रविवार नसतो आणि फायनल तर नसतेच नसते. २ एप्रिल २०११, शनिवार. वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल आणि बाबांची सेकंड शिफ्ट, नाइटवाला उशिरा येणार म्हणून आणखी लांबलेली. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, लोकांचा विजेवर भरवसा नव्हता. त्या दिवशी सबस्टेशनचा फोन सारखा वाजत होता. "साहेब, आज तेवढं लाइट घालवू नका हां!" कंट्रोल रूममध्ये टीव्ही नव्हता. एका मदतनिसाकडे छोटा रेडिओ होता, पण यार्डाजवळ त्यात खरखरच जास्त. शेवटी आई घरून दर ओव्हरला मिस्ड कॉल द्यायची. एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे विकेट.

रात्री दहाचं रीडिंग भरून झालं होतं, अकराचं बाकी होतं. बाबा सांगतात, "धोनीचा सिक्स मी बघितला नाही, ऐकला." आधी ट्रान्सफॉर्मरची नेहमीची घुंऽऽ आणि मग अचानक अख्ख्या गावातून एकच आरोळी. मग फटाके. बाबा आणि मदतनीस यार्डाच्या कुंपणाशी उभे राहून आकाशातल्या रोषणाईकडे बघत राहिले. मग आत येऊन बाबांनी अकराचं रीडिंग भरलं. त्या संध्याकाळी एकही फीडर ट्रिप झाला नव्हता. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, आजोबांच्या मांडीवर झोपले होते म्हणे. पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की मला ती आरोळी आठवते असंच वाटतं.

इलेक्ट्रिकलला आल्यावर कळलं, बाबांची ती ड्युटी म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हतं. मॅच आणि मेगावॅट यांचं नातं फार जवळचं आहे. ४ जुलै १९९० ला फुटबॉल वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. मॅच संपली आणि दुःखी जनतेने एकाच वेळी चहाच्या इलेक्ट्रिक किटल्या लावल्या! ब्रिटनच्या ग्रिडवर काही मिनिटांत सुमारे २,८०० मेगावॅटची मागणी वाढली. आपल्या अख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे अंदाज करा. अशा क्षणांसाठी त्यांच्याकडे वेल्समध्ये डिनॉर्विग नावाचं पंप्ड स्टोअरेज केंद्र आहे. तिथले संच आधीच फिरते ठेवलेले असतील तर काही सेकंदांत पूर्ण ताकदीने वीज देतात. पण त्यासाठी तिथल्या कंट्रोल रूममध्ये कोणीतरी टीव्हीवर मॅच लावून बसलेलं असावं लागतं. खेळ बघायला नाही, शिट्टी केव्हा वाजते ते बघायला! मॅच बघणं हेच ज्याचं काम आहे अशी ही जगातली दुर्मीळ नोकरी असावी.

आपल्याकडे चहा गॅसवर होतो, त्यामुळे किटलीचा झटका आपल्या ग्रिडला बसत नाही. पण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवायचं काम राज्याचं भारप्रेषण केंद्र आणि बाबांसारखे हजारो ऑपरेटर मॅचच्या दिवशीही करतच असतात. आपल्या टीव्हीवरचा प्रत्येक सिक्स कोणाच्या तरी ड्युटीतून येतो. ऑपरेटर, लाइनमन, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, हॉस्पिटलमधल्या सिस्टर, पोलीस. ४ जुलै २०२४ ला, गुरुवारी संध्याकाळी, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेला संघ मरीन ड्राइव्हवरून उघड्या बसमधून निघाला. कामाचा दिवस असूनही समुद्राला लाजवेल एवढी गर्दी झाली. ती गर्दी घरी गेल्यावर रस्त्यावर राहिलेल्या चपला, बाटल्या आणि कचरा महापालिकेच्या कामगारांनी रातोरात उचलला. सकाळी फिरायला येणाऱ्यांना रस्ता स्वच्छ मिळाला. त्या कामगारांनी फायनल बघितली होती का, हे कोणी विचारलं असेल?

यावर उपाय काय? सरकारं कधीकधी सरळ सुट्टीच देऊन टाकतात. २००२ मध्ये फुटबॉल वर्ल्ड कप संपल्यावर दक्षिण कोरियाने १ जुलैला खास सुट्टी दिली. २०२२ मध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सौदीत सुट्टी. पुढे अर्जेंटिनाने कप जिंकला तेव्हा त्यांनीही २० डिसेंबरला सुट्टी जाहीर केली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाने नौकांची अमेरिकाज कप शर्यत जिंकली तेव्हा त्यांचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी टीव्हीवरच सांगून टाकलं होतं की आज कामावर आला नाही म्हणून जो साहेब कोणाला काढून टाकेल तो कुचकामी! असे पंतप्रधान असल्यावर आजीला मारायची गरजच काय?

पण सुट्टी सगळ्यांना मिळत नाही, हाच तर प्रश्न आहे. बाबांना ती तरीही नसती. खेळाच्या धंद्याने दुसरा मार्ग काढला. माणसं कामावरून येत नसतील तर मॅचच कामानंतर ठेवायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी केरी पॅकरने ऑस्ट्रेलियात दिव्यांच्या उजेडात क्रिकेट आणलं ते यासाठीच. २००८ मध्ये सुरू झालेली आयपीएल तर ऑफिस सुटण्याची वेळ बघूनच बेतलेली. भारत-पाकिस्तान सामने आठवा. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये शनिवार, २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये रविवार, २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत रविवार. योगायोग अजिबात नाही! यात जनरल शिफ्टवाल्यांचं भलं झालं. पण रविवार म्हणजे सुट्टी, हे समीकरणसुद्धा ठराविक लोकांचंच.

आणि घरातल्या ड्युटीचं काय? आमच्याकडे मॅच म्हणजे बाबा (असलेच तर), आजोबा, मामा आणि शेजारचे काका हॉलमध्ये, आणि आई आत. दर ड्रिंक्स ब्रेकला चहा, इनिंग ब्रेकला भजी. आईला क्रिकेट आवडत नाही, असं मी वीस वर्षं समजत होते, कारण घरातले सगळे तसंच म्हणायचे. पण २०११ ला दर ओव्हरला मिस्ड कॉल देणारी तीच होती ना! २ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिला वर्ल्ड कपची फायनल, आपल्या नवी मुंबईत, भारत-दक्षिण आफ्रिका. मी सुट्टीला घरी होते. त्याआधी गुरुवारी जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं होतं आणि आईने ती इनिंग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात लाटणं घेऊन बघितली होती. म्हणून रविवारी मी आणि बाबांनी ठरवलं, आज आतलं काम आपल्याकडे. बाबांची त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. साडेतीनला घरी आले, हातपाय धुतले आणि सरळ कांदा कापायला बसले.

आई सोफ्यावर, मधोमध. आणि मग कळलं की तिला सगळं कळतं! शेफाली ८७ वर आउट झाली तेव्हा "शंभर व्हायला हवे होते गं पोरीचे" म्हणून हळहळली, आणि दीप्ती शर्मा बॉलिंगला आल्यावर फील्ड कशी लावली आहे हे आजोबांना समजावून सांगितलं. दीप्तीने पाच विकेट काढल्या. रात्री बारा वाजून गेल्यावर भारत ५२ धावांनी जिंकला. आमची भजी करपली होती, कोणी तक्रार केली नाही. आईने एकदाही "चहा टाकू का?" विचारलं नाही. त्या दिवशी देशाचं उत्पादन किती घटलं मला माहीत नाही. आमच्या घरचं एका माणसाचं काम दोघांत वाटलं गेलं एवढं नक्की, आणि दोघांचेही पाय दुखले.

मित्रमैत्रिणींनो, या सगळ्यातून मला काय म्हणायचंय? मॅच बघू नका, असं मुळीच नाही. इतके लोक एकाच क्षणी एकाच गोष्टीने खूश होतात, असे प्रसंग आपल्याकडे आहेतच किती? माझं म्हणणं एवढंच की मोठ्या सामन्याची तारीख बरीच आधी माहीत असते. तो पाऊस नाही, अचानक यायला. मग त्याचं प्लॅनिंग का नको? ग्रिडवाले आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाच्या मागणीचा अंदाज बांधतातच ना? तसंच आपणही बांधू. मामाने २०१९ नंतर त्याच्या शॉपवर हेच केलं. स्पर्धेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावायचं, कोणाला कुठली मॅच बघायचीय ते आधी खरंखरं सांगायचं, शिफ्टची अदलाबदल आपसांत ठरवायची. कॉन्ट्रॅक्टच्या माणसालाही त्यात नंबर, आणि त्याचा खाडा पडू नये म्हणून त्याला दुसऱ्या शिफ्टला घ्यायचं. कँटीनमध्ये एक टीव्ही, चहाच्या सुट्टीत सगळ्यांसाठी. मामा म्हणतो, माणसं आता थापा मारत नाहीत, आणि थापा मारत नाहीत म्हणून उद्या किती येणार हे त्याला आजच कळतं. सुपरवायझरला आणखी काय हवं?

उद्या आपण शिफ्ट इन्चार्ज होऊ. रोस्टर आपल्या हातात येईल. तेव्हा पहिल्यांदा आपलं नाव मॅचच्या दिवशीच्या ड्युटीला टाकायचं धाडस आपण दाखवू का? निदान बाबांसारखा जो लागोपाठ तीन फायनल ड्युटीवर होता, त्याला चौथ्या वेळी सुट्टी देऊ का? कॉलेजमध्येही सुरुवात करायला हरकत नाही. त्या ४ मार्चला आम्हा पाचजणांसाठी लॅब उघडी ठेवून पाच वाजेपर्यंत थांबलेले लॅब असिस्टंट काका क्रिकेटचे केवढे वेडे आहेत, हे त्यांनी रीडिंग घेता घेता हळूच "स्कोअर काय झाला?" विचारलं तेव्हा आम्हाला कळलं.

पुढच्या मॅचच्या दिवशी कोणी भेटलं की आपण सवयीने विचारणारच, "स्कोअर काय?" विचारूया की! फक्त त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारूया: "आज ड्युटीवर कोण आहे?" आणि जमलं तर त्याला जाऊन स्कोअर सांगूया.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी